लाभ, दोन

“मासा पाहिजे?” आक्का म्हणाली. “आपल्या डोहातला?”

“एकच.”

“आणि त्याचं करणार काय?”

“त्याच्या पोटातला एक भाग काढायचा. त्यातल्या पेशी बघायच्या.”

“म्हंजे मारणार.”

आक्कानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं. एस.टी.तून उतरून मला पुरतं पाणीसुद्धा प्यायला मिळालं नव्हतं.

“वैजू, तू कोल्हापुरात काय खातेस ते मी कधी विचारत न्हाई. तिथं मासे खा, न्हाईतर मगर खा. पण जोगणीच्या बायांना हात लावायचा म्हणतेस? शिकून शिकून डोकं फिरलंय का तुझं?”

ही गोष्ट त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची. आमचं गाव कारिवणे, भुदरगडाच्या बाजूला, घाटाच्या तोंडाशी. गावाखाली नदी वळते तिथं काळ्या कातळात एक खोल डोह आहे आणि काठावर जोगणीचं देऊळ. डोहात मासे आहेत, मोठमोठ्या खवल्यांचे, उन्हात पितळेसारखे दिसणारे. पुस्तकात त्यांना महाशीर म्हणतात, आमच्याकडं खडशी. पण डोहातल्या खडशींना गावात कुणी मासे म्हणत नाही. त्या जोगणीच्या बाया. त्यांना धरायचं नाही, खायचं नाही, आणि मोजायचं तर मुळीच नाही. मोजलं की सरतं. आमच्याकडं मळणीला धान्य मोजतानासुद्धा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की रास एकटी पडते, असं आई सांगायची. असल्या गावातली मी, आणि पोटापाण्याला धंदा कुठला पत्करला, तर मोजायचा.

आम्ही गुरव. देवीची पूजा, दिवाबत्ती, कौल लावणं आणि बायांना रोज सकाळी चुरमुरे घालणं हे आमच्या घराकडं. आप्पांचे, म्हणजे आमच्या वडलांचे, गुडघे गेल्यापासून हे सगळं माझी थोरली बहीण, आक्का, करायची. तिचं नाव सुगंधा. आई गेली तेव्हा ती आठवीत होती आणि मी सहावीत. घर बघायला एकीनं राहणं भाग होतं. आक्काची शाळा सुटली, मी वसतिगृहात गेले, तिथून कॉलेजात आणि पुढं विद्यापीठात. दोघींत हुशार ती होती, हे गावातल्या म्हशींनासुद्धा माहीत होतं.

आणखी एक सांगून ठेवते. आमच्याकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. विद्यापीठात मी ‘येते, जाते’ म्हणायला शिकले, पण घरच्या उंबऱ्यावर पाय पडला की माझी जीभ मूळपदावर यायची.

तर मी गावी मासा मागायला का आले होते? त्याला कारण आमचे हेरवाडकर सर.

माशांच्या पेशीतली गुणसूत्रं मोजायचं काम मी त्यांच्या हाताखाली करत होते. आईबापाकडून लेकरात जे जे उतरतं ते ज्या दोऱ्यांवर असतं, ती गुणसूत्रं. रोहूच्या पेशीत पन्नास भरतात, कटल्यात पन्नास. पंचगंगेवरच्या एका भोयानं मला एक जिवंत खडशी आणून दिली होती. तिची मी मोजली. शंभर.

सरांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं.

“गुरव, बसा,” ते म्हणाले. “औषध किती वेळ ठेवलं होतं?”

पेशी दुभंगत असतानाच गुणसूत्रं नीट दिसतात. ती मधेच थांबवून धरायला माशाला एक औषध टोचतात. पण ते जास्त झालं तर पेशी दुभंगायची राहते आणि आपली गुणसूत्रं दुप्पट करून तशीच बसते. पन्नासाची शंभर होतात. ती माशाची नव्हेत, तुमच्या चुकीची.

“बेतानंच ठेवलं होतं, सर.”

“सगळे बेतानंच ठेवतात. मग एकच मासा का दाखवता? दुसरा कुठाय?”

दुसरा नव्हता. बाजारातला मासा मेलेला असतो, मेलेल्या माशाच्या पेशी दुभंगत नाहीत. त्या भोयाला परत खडशी गावली नव्हती.

“हे बघा,” सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण गोड बोलायचं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. “कुठल्यातरी जुन्या काळी माशांत सगळा संच दुप्पट झाला असं म्हणणारे लोक आहेत. असेलही. पण ते तुमच्या या काचेवरून म्हणता येत नाही. जिवंत मासा आणा, औषधाचा थेंब न घालता तयारी करून दाखवा. दिवाळीनंतर समिती बसणार आहे. तोवर झालं तर ठीक, नाहीतर विषय बंद.”

विषय बंद म्हणजे फेलोशिप बंद, फेलोशिप बंद म्हणजे वसतिगृह बंद, आणि वसतिगृह बंद म्हणजे कारिवणे. गावाचं मला वावडं नव्हतं. पण आक्कानं चुलीपुढं बसून काढलेली एवढी वर्षं, आणि मी हात हलवत परत? जिवंत खडशी मला एकाच ठिकाणी माहीत होत्या. म्हणून मी एस.टी.त बसले.

“मारायला न्हाई मिळणार,” आक्कानं जेवताना परत सांगितलं. “दुसरा इलाज सांग.”

दुसरा इलाज मी कुठंतरी वाचला होता, हातानं केला नव्हता. “शेपटीची कड कापायची. नखाएवढी. चारआठ दिवसांत तिथं नवी कड फुटते. नवं फुटतं तिथल्या पेशी भराभर दुभंगत असतात, मग औषध लागत न्हाई. ती नवी कड तेवढी काढून घ्यायची. मासा मरत न्हाई. परत वाढते शेपटी.”

“नक्की?”

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणं!” आक्का म्हणाली. “सरकार पैसे देतंय हिला, आणि ही म्हणते बहुतेक.”

आप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांना कमी ऐकू यायचं, पण नेमकं नको ते ऐकू यायचं.

“कौल लाव, सुगंधा,” ते म्हणाले. “देवी व्हय म्हणाली तर आपण कोण न्हाई म्हणणार? आणि न्हाई म्हणाली तर वैजू, मुकाट्यानं जायचं. तोंड वाकडं करायचं न्हाई.”

“न्हाई करणार,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. आप्पांना मी धरून नेलं. आक्कानं देवीला पाणी घातलं, कण्हेरीचे दोन कळे भिजवले आणि देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवले. उजवा आधी पडला तर हो, डावा आधी पडला तर नाही. आमच्या देवळाची रीत अशी की मागणाऱ्यानं डोळे मिटायचे. बघायचं ते फक्त गुरवानं.

“आणि गुरवालाच मागायचं असंल तर?” मी विचारलं. लहानपणापासून बघत आले होते, पण हे कधी विचारलं नव्हतं.

“तर घरातलं दुसरं कुणी बगतं,” आप्पा म्हणाले. “तुमच्या आईच्या मागं मी मागितला न्हाई का? कुठल्या लेकीला शिकायला पाठवू म्हणून. उजवा पडला तर सुगंधा, डावा पडला तर वैजू. तवा मी डोळं मिटलं आणि सुगंधानं बगितलं. एवढीशी पोर, पण कशी खडखडीत बोलली, डावा म्हणून. आवाजसुद्धा कापला न्हाई गं तिचा.”

“पुरे आता, आप्पा,” आक्का म्हणाली. “कळे सुकतील.”

मग तिनं गाऱ्हाणं घातलं. “आई जोगणी, तुझी एक बाई थोडे दिस आमच्याकडं पाहुणी येईल. तिच्या जिवाला धक्का लागणार न्हाई, ही गुरवाच्या घरची जबान. उजवा असंल तर दे, डावा असंल तर अडव.”

मी डोळे मिटले, आप्पांनीही मिटले. माझा कौलावर विश्वास होता का? विचारू नका. डोळे मात्र मी घट्ट मिटले होते आणि हातसुद्धा जोडले होते. खाली डोहाचं पाणी कातळाला लागत होतं. आप्पा खोकले. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग काहीतरी हलकंसं पडल्याचा आवाज आला.

“उजवा,” आक्का म्हणाली.

मी डोळे उघडेपर्यंत तिनं दोन्ही कळे गोळा करून मुठीत घेतले होते. ते तिनं डोहात सोडले आणि हात पुसले. आप्पांनी देवीला नमस्कार केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कुणी बघू नये म्हणून मी खांबामागं गेले.

मासा धरायला जाळं लागलं नाही, गळ लागला नाही. आक्का पायरीवर बसली, तांदूळ धुवायची रोवळी तिनं पाण्यात बुडवून धरली आणि दुसऱ्या हातानं चुरमुरे टाकले. “या गं बायांनो.” मोठ्या खडशी आल्या, ढकलाढकली करून गेल्या. मग हातभर मागं राहून एक लहानशी आली, तळहाताएवढी. ती आपल्या पायांनी चालत आल्यासारखी रोवळीत शिरली. आक्कानं रोवळी उचलली, पण आत बघितलं नाही. रोज खायला घालणाऱ्या हातानं धरायचं, हे सोपं नव्हतं. मला ते दिसलं, आणि मी रोवळीला खालून हात दिला.

गोठ्यात म्हशीसाठी दगडी डोण होती. पाटाचं पाणी एका बाजूनं यायचं, दुसऱ्या बाजूनं परड्यात जायचं. त्यात आम्ही तिला सोडली. मी लहान कात्रीनं शेपटीची कड कापली. आक्कानं लगेच हळदीचं बोट पुढं केलं.

“हळद नको, आक्का. प्रयोग हाय हा.”

“प्रयोग तुझा. पाहुणी माझी.”

हळद लागली. पुढं मी प्रबंधात पद्धतीचं वर्णन लिहिलं, त्यात ही हळद नाही. असायला पाहिजे होती.

डोणीवर आम्ही बांबूचा मोठा हारा उपडा घातला. गावात कळलं असतं तर आमचं गुरवपण त्याच दिवशी गेलं असतं. कौल दिलाय म्हणून सांगता आलं असतं, पण आपल्याच घरच्या कामाला आपणच लावलेला कौल गाव कशाला मानतंय? चार भाऊबंद टपूनच बसले होते. आणि गेलं असतं ते आक्काचं. मला काय, मी कोल्हापूरला निघून गेले असते.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी शेजारची हौसाक्का ताक मागायला आली आणि थेट गोठ्यात शिरली. आत आक्का शेण भरत होती, मी डोणीपाशी. नेमकं तेवढ्यात पाहुणीनं उसळी मारली. हारा हलला.

“काय गं ते?” हौसाक्का म्हणाली.

आक्कानं मान वरसुद्धा केली नाही.

“बेडूक.”

“एवढा मोठा?”

“घाटातला हाय. सकाळधरनं काढतोय, निघंना मेला. तू काढतेस? हात घाल आत.”

हौसाक्का दोन पावलं मागं सरली. “नको गं बाई. ताक दे.”

ती गेल्यावर मी डोणीच्या कडेवर बसून हसत सुटले. हसू थांबत नव्हतं. आक्का खोटं बोलू शकते, हेच मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि बोलते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, हेही.

रोज संध्याकाळी म्हशीचं दूध काढायच्या आधी ती हारा जरा उचलून बघायची. एकदा म्हणाली, “तुझ्या त्या शंभराचं एवढं काय हाय? पन्नास असली काय, शंभर असली काय. मासा तर मासाच.”

“तोच तर वाद हाय. खूप पूर्वी, माणूस नव्हता, म्हैस नव्हती, तेव्हा कुठल्यातरी माशाच्या अंड्यात घोळ झाला आणि सगळा संच दुप्पट उतरला. प्रत्येक गोष्ट दोन-दोन.”

“मग नुकसानच की. दोन-दोन सांभाळायचं.”

“कधी कधी नुकसान. पण बघ, घरात एकच जातं असलं तर?”

“तर काय, दळायचं.”

“रोज दळायचं. त्याला दुसरं काही करता येत न्हाई, कारण थांबलं की घर उपाशी. पण दोन जाती असली तर? एक दळत राहतं. मग दुसऱ्याला छिन्नीनं टाकी लाव, त्याच्यावर डाळ भरड, काय वाटंल ते कर. जुनं काम बंद पडत न्हाई आणि नवं सुरू होतं. तसं त्या माशांत झालं. एक जोडी जुनं काम करत राहिली म्हणून दुसरी मोकळी झाली, आणि त्यातनं नवं काय काय निघालं. काही जण म्हणतात, त्याच्याही आधी अशी दुप्पट झाली होती, आणि तुझं-माझं मूळ तिथपर्यंत जातं.”

आक्का ऐकत होती. ती ऐकायला लागली की आठवीतल्या वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखी ऐकायची.

“दळत कुणी राहायचं आणि मोकळं कुणी व्हायचं, ते कोण ठरवतं?”

“कुणी न्हाई. आपोआप होतं. दोन्ही सारखीच असतात. ज्याच्यावर टाकी पडंल ते बदलत जातं.”

“असं व्हय,” आक्का म्हणाली. चरवी उचलून ती म्हशीकडं गेली.

शेपटीला नवी कड फुटली. पातळ, काचेसारखी आरपार दिसणारी. मी ती काढली, फिकट मिठाच्या पाण्यात फुगवली आणि मद्यार्काच्या बाटलीत घातली. आक्कानं परत हळद लावली आणि भल्या सकाळी पाहुणीला रोवळीतून डोहात पोचवून आली. “गेली गं झपकन,” ती म्हणाली. “मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाई.” मी दुपारच्या एस.टी.नं कोल्हापूर गाठलं.

औषध न घातल्यामुळं दुभंगणाऱ्या पेशी थोड्याच होत्या. काचेमागून काच मी बघत होते आणि काही सापडत नव्हतं. डोळ्यांची पार वाट लागली. मग एक सापडली. दोरे सुटे सुटे, एकमेकांवर न चढलेले, चाळणीतून पडलेल्या शेवयांच्या तुकड्यांसारखे पसरलेले. मी सरांना हाक मारायला पळत गेले.

सरांनी डोळा लावला. “मी बघतो आणि कागदावर खूण करतो. तुम्ही दुसऱ्या नळीतून बघून मोठ्यानं मोजा.” आमच्या विभागात दोघांनी एकदम बघायचा एक जुना सूक्ष्मदर्शक होता, विभागाचा तेवढाच तोरा.

मी मोजायला लागले. “लाभ...”

सरांनी मान वर केली. “काय म्हणालात?”

मी मरणाची लाजले. “चुकलं सर. एक.”

ते माझ्याकडं बघत राहिले. “आमची आजी ज्वारी मोजताना म्हणायची,” ते म्हणाले. “एक म्हटलं की ओरडायची. चला पुढं. लाभ, मग?”

“दोन. तीन. चार...”

शंभर भरली. दुसरी पेशी सापडेपर्यंत सरांनी मला उठू दिलं नाही, आणि ती सापडल्यावर स्वतःच हलक्या आवाजात सुरू झाले, “लाभ, दोन...” तीही शंभर. तिसरीत नव्व्याण्णवच दिसली. तेव्हा ते म्हणाले, “एक दुसऱ्याखाली गेलंय, बघा ते टोक.” महिन्यापूर्वी याच माणसानं मला माझ्याच शंभरावरून घरी धाडायची तयारी केली होती.

“औषधाचा दोष नाही,” शेवटी त्यांनी सांगितलं. “माशाचीच आहेत. समितीपुढं मी बोलतो. पण एका डोहातल्या एका माशावर भागणार नाही, गुरव. अजून तीन-चार करा.”

दिवाळीला घरी गेले ती नाचतच. पाडव्याच्या सकाळी आक्का बायांना चुरमुरे घालायला निघाली, तिच्याबरोबर मीही डोहावर गेले. पायरीवर बसून सगळं सांगितलं. सर ‘लाभ’ म्हणाले हे ऐकून ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला.

“देवीनं कौल दिला म्हणून झालं बघ सगळं,” मी म्हणाले. शास्त्रज्ञ बाई मी, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. “आता आणखी तीन-चार पाहिजेत. परत कौल लाव.”

“न्हाई लावायचा.”

“का?”

“लावला आणि डावा पडला, तर मला परत उजवा म्हणावं लागंल.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“आक्का! म्हंजे त्या दिवशी...”

“डावा पडला होता. उजवा आपला निवांत बसलेला चिकटून. बोटानं काढला मी त्याला.”

“आणि तू उजवा म्हणालीस? देवीच्या समोर?”

“समोरच. मागं कसं बोलणार?” तिनं चुरमुऱ्याच्या पिशवीची गाठ सोडली. “दोनदा खोटं बोललो. तिसऱ्यांदा नको.”

“दोनदा? तो हौसाक्काचा बेडूक धरून?”

“हौसाक्का काय देवी हाय व्हय?”

मी तिच्याकडं बघितलं. ती पाण्याकडं बघत होती. एवढीशी पोर, पण कशी खडखडीत बोलली, असं आप्पा म्हणाले होते.

“आईच्या मागचा,” मी म्हणाले. “तो कुठला पडला होता?”

“उजवा.”

उजवा पडला तर सुगंधा, डावा पडला तर वैजू. मी वसतिगृहात गेले, मी एम.एस्सी. झाले, मी सूक्ष्मदर्शकापुढं बसले. त्या खुर्चीत तिनं बसायचं होतं. मला रडू फुटलं, आणि रडता रडता रागही आला, की हिला कुणी सांगितलं होतं? ओरडलेच मी तिच्यावर. “का केलंस असं?”

“तुला भाकरी थापायला येत नव्हती. तुला ठेवली असती तर आप्पा उपाशी मेलं असतं.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतोय.” मग ती म्हणाली, “माझं डोकं कुठंही चाललं असतं, वैजू. इथंबी चाललं. तुझं इथं चाललं नसतं. तू नुसती शेळी झाली असतीस.”

मी पदरानं नाक पुसत राहिले. ती म्हणाली, “आणि देवीचं म्हणशील तर फिटलं ते. तवा उजव्याला डावा म्हणालो, आता डाव्याला उजवा. हिशेब बरोबर.”

“तिला राग न्हाई येणार?”

“रोज आंघोळ घालतोय मी तिला. इतकी वर्षं. येईल राग, जाईल.”

पाण्यात सावल्या हलायला लागल्या. बायांना तिची चाहूल लागली होती. मोठ्यांच्या मागं हातभर अंतर राखून एक लहानशी होती, तिच्या शेपटीची कड अजून जरा आखूड दिसत होती. आक्कानं तिला बघितलं, मलाही दाखवलं.

“तू म्हणालीस न्हवं, कुणी ठरवत न्हाई म्हणून,” ती म्हणाली. “माशांचं मला ठाऊक न्हाई बाई.”

मग तिनं माझे दोन्ही हात ओढून ओंजळ करायला लावली आणि त्यात पिशवीतले चुरमुरे घातले.

“लाभ,” ती म्हणाली.

नंतर आपल्या ओंजळीत घेतले. “दोन.”

आणि तिनं बायांना हाक मारली.